वरची गाही

मनकर्णाबाई धोंगडे यांना कुठेही बसवा, त्या मोजणार. लग्नाच्या मांडवात बसवलं तर पंगतीतली माणसं, दवाखान्यात बसवलं तर रांगेतले पेशंट, एसटीच्या खिडकीशी बसवलं तर रस्त्याकडेचे फुललेले पळस. बोट दाखवणं नाही, ओठ हलवणं नाही. मांडीवरच्या हातांची बोटं तेवढी मिटतात आणि उघडतात, थोड्या वेळानं आकडा तयार. कुणी विचारलं नाही तरी त्या तो सांगून टाकतात, कारण मोजलेलं पोटात ठेवणं त्यांना जमत नाही.

अशा बाईच्या नशिबात वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पाखरं आली. त्याआधीची चाळीस वर्षं संत्र्यांची होती. कारंज्याकडे त्यांची लहानशी बाग होती, आणि बाजाराच्या दिवशी ढिगापाशी बसायचं काम महादेवरावांचं नव्हे, मनकर्णाबाईंचं. महादेवराव भावाचं बोलत, मोजणी बायकोची. उजव्या हातात तीन, डाव्या हातात दोन, दोन्ही हात एकदम पुढे, की झाली पाच संत्र्यांची एक गाही. पहिल्या गाहीला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. अशा वीस गाही झाल्या की शंभर. शंभर झाले की मांडीच्या डाव्या अंगाचा एक चिंचोका उजव्या अंगाला. आणि त्यानंतर एक गाही वरची. ती मोजायची नाही, ती गिऱ्हाइकाची. ती टाकताना मनकर्णाबाई एक लांब श्वास घेत आणि पुन्हा लाभपासून सुरू. बाजारात दुसऱ्यांची मोजणी गिऱ्हाईक उलटून बघे. यांची कुणी उलटून बघितली नाही.

मग बाजारात काटा आला. संत्री किलोवर गेली, क्रेटमध्ये गेली, हातांना काम उरलं नाही. महादेवराव गेले, बाग दिरानं सांभाळली आणि मनकर्णाबाई सिंदी मेघेला मुलाकडे, गोपालकडे राहायला आल्या. इथे दोन खोल्या, एक गॅलरी आणि समोर रस्ता. रस्त्यावरच्या गाड्या तरी किती दिवस मोजणार?

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शुगर तपासली आणि रोज चालायची तंबी दिली. कॉलनीच्या बगिच्यात त्या सकाळी फेऱ्या मारू लागल्या. एका सकाळी पाच-सहा माणसं पिंपळाखाली माना वर करून उभी दिसली. कुणाच्या गळ्यात दुर्बीण, कुणाच्या हातात वही.

“काय हरपलं जी?” त्यांनी विचारलं.

“हरियल आहेत वर. हिरवे पारवे,” त्यातले वयस्क गृहस्थ म्हणाले. हे अण्णाजी, विज्ञानाचे निवृत्त मास्तर आणि वर्ध्यातल्या पक्षीमित्रांचे म्होरके. ते ठरवून पुस्तकी मराठी बोलतात आणि खुशीत आले किंवा चिडले की वऱ्हाडीवर येतात. “पानांत मिसळून जातात हो. बारा आहेत की पंधरा, त्यावर आमचं भांडण चाललंय.”

मनकर्णाबाईंनी वर पाहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं होतं. सुईत दोरा ओवता येत नसला तरी दूरचं लखलखीत दिसत होतं. बोटं मिटली, उघडली.

“तेवीस,” असं म्हणून त्या पुढच्या फेरीला निघाल्याही.

तेवढ्यात रस्त्यावर कुणाच्या तरी मोटारसायकलनं फटाका फोडला आणि अख्खा थवा पिंपळावरून उडाला. भैयाजी म्हणून त्या मंडळीत एक जण होता. त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि हातभर लांब लेन्सचा कॅमेरा आहे. त्यानं पटापट फोटो काढले, मंडळींनी स्क्रीनवर डोकी जुळवून मोजले. तेवीस.

“ओ बाई! थांबा जी!” म्हणत अण्णाजी बगिच्यातून धावले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते पहिल्यांदाच धावत असावेत.

त्या दिवसापासून मनकर्णाबाई पक्षीमित्र झाल्या. त्यांना पाखरांची नावं फारशी आली नाहीत आणि त्यांनी त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही. नाव तुम्ही सांगा, आकडा मी सांगतो, असा त्यांचा रोखठोक करार होता. शेजारची नंदिनी ताकसांडे, पोस्टात काउंटरवर बसणारी, तीही याच नादातली. तिची स्कूटी आणि मनकर्णाबाईंचे डोळे अशी जोडी जमली. अण्णाजींनी या जोडीला बोरगाव मेघेच्या पलीकडचा मोहाचा तलाव नेमून दिला. काठानं मोहाची झाडं आहेत म्हणून मोहाचा तलाव.

दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी जिल्ह्यातल्या तलावांवर पाखरांची मोजणी होते. उन्हाळा लागण्याआधी पाहुणे पाखरं उत्तरेकडे परत जातात, त्याआधीची ही हजेरी. अण्णाजींच्या लाल रजिस्टरात त्याची पानं आखलेली असतात: तलाव, पक्षी, संख्या आणि शेवटच्या रकान्यात मोजणाऱ्याचं नाव. मागच्या वर्षी त्या रकान्यात मनकर्णाबाईंचं नाव आलं होतं. तिसरी शिकलेल्या बाईनं ते बोट ठेवून वाचलं आणि घरी जाऊन सुनेला सांगितलं. बोरगावला राहणाऱ्या नणंदेला मुद्दाम फोन करून सांगितलं, ते वेगळंच.

यंदाचा तो रविवार उजाडायच्या आत त्या आंघोळ करून, चिंचोके पदराच्या गाठीत बांधून, नंदिनीच्या दाराशी उभ्या होत्या.

“काकू, अजून साडेपाच नाई झाले,” नंदिनी जांभई देत म्हणाली.

“पाखरं काय तुह्या घड्याळावर येतेत? चाल!”

हवेत गारवा होता. आंब्यांना मोहोर धरलेला, त्याचा वास रस्ताभर. नंदिनी खड्डे चुकवत होती आणि मागून सूचना चालूच होत्या. “हळू चालव नं वं. पाखरं मोजाची हायेत, माह्ये दात नाई.”

तलावाच्या पाळीवर पोचल्या तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. मनकर्णाबाईंनी पोतं अंथरलं, मांडी घातली, डाव्या अंगाला चिंचोके मांडले. पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर चिखल्या, शेकाटे, तुतारी अशी बारीकसारीक मंडळी टुकटुक करत होती. ती सत्तर-ऐंशी पाखरं त्यांनी हा हा म्हणता उरकली. खरी वाट होती ती पट्टकदंबांची. हे डोंगरांपलीकडून येणारे राखी हंस. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळे पट्टे असतात. रात्रभर हरभऱ्याच्या, गव्हाच्या वावरांत चरतात आणि उजाडता उजाडता तलावावर परततात. मागच्या वर्षी ते पुरते शंभरही नव्हते.

“काकू, आले!” नंदिनी ओरडली.

आधी आवाज आला, नाकातून बोलल्यासारखा, मग पूर्वेकडून पहिली माळ. तिच्यामागे दुसरी, तिसरी, वर एक, खाली दोन. शंभर कुठले? आभाळ भरून येत होतं. नंदिनी दुर्बीण डोळ्याला लावायची विसरून जागच्या जागी उड्या मारत होती. मनकर्णाबाईंची बोटं मात्र शांत होती. लाभ, दोन, तीन, चार… वीस. एक लांब श्वास, चिंचोका इकडून तिकडे. लाभ, दोन, तीन… कुठली माळ मोजली, कुठली राहिली, हे त्या डोळ्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. ढिगात हात घातला की मोजलेलं संत्रं पुन्हा हाती येत नाही, तसंच हे. शेवटची माळ पाण्यावर उतरली तेव्हा उजव्या अंगाला चार चिंचोके होते आणि वर तेरा गाही.

“चारशे पासष्ट! लिही! चारशे पासष्ट!” त्या उठून उभ्या राहिल्या आणि नंदिनीला मिठीच मारली. “अवं बाप्पा, केवढे आले वं! कुठून आले एवढे!”

समोरच्या काठावर भैयाजीही होता. सगळा थवा तलावाच्या मधल्या टेकाडावर उतरून बसल्यावर त्यानं निवांतपणे फोटो काढले. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी बगिच्यात गोल बाकावर बैठक झाली. मनकर्णाबाई जिऱ्याची बिस्किटं घेऊन गेल्या होत्या. अण्णाजींनी एकेका तलावाचे आकडे वाचले, माना डोलल्या. मोहाच्या तलावाशी आले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मनकर्णाबाई, भैयाजीनं फोटोतला एकेक पक्षी कॉम्प्युटरवर टिंब देऊन मोजला आहे. दोनदा. तुमचा आकडा त्याच्याशी जुळत नाही.”

“किती फरक पडते?”

“ते जाऊ द्या. फरक आहे एवढं खरं.”

“कमी का जास्त?”

“बाई, जाऊ द्या हो.” चाळीस वर्षांत अण्णाजींनी नापास मुलाचे मार्क कधी वर्गात वाचून दाखवले नव्हते, ती सवय अजून होती. “आपण फोटोचा आकडा धरला आहे. पुढच्या वर्षीपासून मोहाचा तलाव भैयाजी करेल. तुम्ही या की सोबत. नुसतं पाहायला.”

मनकर्णाबाई उठल्या. बिस्किटांचा पुडा बाकावर ठेवला आणि घरी आल्या. “निरं पाह्यालेच जाचं असन तं टीव्ही काय वाईट हाय?” एवढंच त्या वाटेत नंदिनीला म्हणाल्या.

नंदिनी त्यांच्या बाजूनं भांडली, भैयाजीला फोन केला. पण आकडा फक्त अण्णाजींकडे दिलाय, रजिस्टरात गेलाय, त्यांच्याकडूनच ऐका, असं म्हणून त्यानंही हात झटकले.

दोन दिवस मनकर्णाबाई फिरायला गेल्या नाहीत. डोळे फसवतात म्हणावं तर समोरच्या टाकीवरचे कावळे लखलखीत दिसत होते. हात चुकले म्हणावं तर चाळीस वर्षांत चुकले नव्हते. त्यांना राग भैयाजीचा नव्हता, अण्णाजींचाही नव्हता. काटा आला तेव्हा एकदा हे हात बिनकामाचे झाले होते. आता कॅमेऱ्यानं दुसऱ्यांदा केले, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. तिसरं काही मोजायला मिळण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं.

गुरुवारी त्यांच्या भावानं, चिंधूनं, एसटीनं संत्र्यांचं पोतं पाठवलं. मृगाच्या बहाराची संत्री, घट्ट सालीची आणि गोड. सून अंकिता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेचा पट बरोबर शंभर. ती म्हणाली, “आई, उद्या पोरायले एकेक संत्रं वाटतो. शंभर मोजून देता?”

हातांना काम मिळालं म्हणून मनकर्णाबाई जरा सैलावल्या. शुक्रवारी सकाळी पोत्याशी बसून त्यांनी दोन पिशव्यांत शंभर संत्री मोजून दिली. अंकिता ती गोपालच्या गाडीवर लादून घेऊन गेली.

संध्याकाळी ती परत आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि आतली संत्री काढत म्हणाली, “आई, पाच उरले हो.”

“कोणी पोट्टं नसन आलं.”

“नाई नं. आज हजेरी पुरी होती. शंभरच्या शंभर. सगळ्यायले भेटले. तरी हे पाच वाचले.”

“शंभरच मोजले म्या,” मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज जरा चढला. “आता संत्रेही मोजता येत नाई का मले?”

त्यांनी ती पाच संत्री उचलली. उचलताना उजव्या हातात तीन आली, डाव्यात दोन. हात आपसूक पुढे गेले आणि श्वास आपसूक आत गेला. तसाच, लांब.

मनकर्णाबाई तशाच उभ्या राहिल्या.

“अवं माय,” त्या हळूच म्हणाल्या. मग जोरात, “अवं माय माय माय! वरची! वरची गाही देल्ली म्या!”

“कोणाले?” अंकितानं घाबरून विचारलं.

“पाखरायले वं! पाखरायले!”

शंभर झाले की एक गाही सोडायची, मोजायची नाही. चाळीस वर्षं हातांनी तेच केलं होतं. तलावाच्या पाळीवरही हातांना कोणी सांगितलं नव्हतं की इथे गिऱ्हाईक नाही. दर शंभरामागे त्यांनी लांब श्वास घेतला होता, आणि त्या श्वासात पाच-पाच हंस फुकटात पाण्यावर उतरले होते! मागच्या वर्षी शंभर भरलेच नाहीत, म्हणून चूक दिसली नाही. यंदा चिंचोके चार. चार गाही म्हणजे वीस. बोटं मिटली, उघडली आणि मनकर्णाबाईंनी पाचही संत्री पदरात टाकून दाराकडे धाव घेतली.

“आई, माह्या चपला घातल्या तुम्ही!” अंकिता मागून ओरडली. पण त्या जिन्याच्या खाली पोचल्या होत्या.

नंदिनी नुकतीच पोस्टातून येऊन स्कूटी लावत होती. तिला हेल्मेटही काढू दिलं नाही. “फिरव गाडी! अण्णाजीच्या घरी! सांगतो, वाटेत सांगतो!” वाटेत त्यांनी सगळं सांगितलं, पण वाऱ्यात नंदिनीला त्यातलं “संत्रे” आणि “वीस” एवढंच ऐकू आलं.

अण्णाजी अंगणात नळीनं झाडांना पाणी घालत होते.

“अण्णाजी, तुमचा फोटोवाला आकडा सांगू?” मनकर्णाबाई फाटकातूनच म्हणाल्या.

“या, या. बसा तर खरं—”

“चारशे पंच्याऐंशी.”

नळीचं पाणी मोगऱ्यावरून अण्णाजींच्या पायावर आलं आणि तिथेच पडत राहिलं. त्यांनी नंदिनीकडे पाहिलं. “तू सांगितलं?”

“मलेच कोणी सांगतलं नाई, तं मी काय सांगन!”

“भैयाजीनं?”

“त्यानं तं फोन कापला माहा.”

अण्णाजी आत गेले, लाल रजिस्टर घेऊन बाहेर आले, पान उघडलं आणि नंदिनीसमोर धरलं. तिनं मोठ्यानं वाचलं, “पट्टकदंब. चारशे पंच्याऐंशी.” आणि ती मनकर्णाबाईंच्या गळ्यातच पडली.

मनकर्णाबाईंनी पदरातली पाच संत्री काढली आणि ओल्या अंगणातच बसून वरची गाही म्हणजे काय ते करून दाखवलं. एकदा, दोनदा, तीनदा. अण्णाजी समोर उकिडवे बसून शाळेतल्या पोरासारखे पाहत होते. आता ते साफ वऱ्हाडीवर आले होते. “अवं बाई, काय करून राह्यल्या तुम्ही! म्हंजे डोळा एकदाही नाई चुकला! उडतानी मोजले, पाचशे पाखरं, अन् एकही नाई चुकला!”

पण मास्तर ते मास्तर. पाच मिनिटांनी त्यांनी चष्मा पुसला. “एकदा जुळलं, मान्य. पण आता ही वरची न देता मोजता आलं पाहिजे. हात ऐकतील तुमचे? उद्या सकाळी पुन्हा मोजा. मी स्वतः येतो. भैयाजीलाही बोलावतो. जुळलं तर शेवटच्या रकान्यातलं नाव बदलतो, आणि तलाव कायमचा तुमचा.”

“उद्याच मोजतो,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “वारं फिरलं हाय. पाखरं आता थांबणार नाईत.”

शनिवारी पहाटे पाळीवर चौघं जण होते. मनकर्णाबाईंनी पोतं अंथरलं, चिंचोके मांडले. दक्षिणेकडून कोमट वारा येत होता आणि काटेसावरीची लाल फुलं टपटप पडत होती. हंस आज वावरांत गेलेच नव्हते. सगळे मधल्या टेकाडावर होते आणि सारखे माना उंच करून बोलत होते. एरवी टेकाडावर असले की ते डोकं पंखात घालून झोपतात.

“हे काहीतरी वेगळंच आहे,” अण्णाजी पुटपुटले.

सूर्याची कोर वर आली आणि एकदम सगळं टेकाड उठलं. पंखांचा असा आवाज झाला की नंदिनी किंचाळली. थवा तलावावरून एकदा फिरला, वर चढला आणि पाच-सहा माळांत फुटून उत्तरेकडे निघाला.

“चालले! परत चालले!” अण्णाजी ओरडत होते. “भैयाजी, घे, घे!”

“काय घेऊ? इकडून तिकडून फाकले!” भैयाजी कॅमेरा गरगरा फिरवत होता. हातभर लेन्समध्ये एका वेळी दहा पाखरं मावत होती, पुढची दहा घेईपर्यंत मागची निघून जात होती. शेवटी त्यानं कॅमेरा खाली केला आणि मनकर्णाबाईंकडे पाहिलं. तिघंही त्यांच्याकडे पाहू लागले.

मनकर्णाबाई कुणाकडे पाहत नव्हत्या. लाभ, दोन, तीन… एकोणीस, वीस. छाती श्वास घ्यायला उचलली गेली. त्यांनी दात घट्ट मिटले. वरची नाई. आज कोणालेच नाई. चिंचोका सरकला, लाभ. दुसरा शंभर, पुन्हा छाती उचलली, पुन्हा दाबली. कपाळावर घाम आला. चाळीस वर्षांची सवय आतून ढुशा देत होती. तिसरा. चौथा. शेवटची माळ मोहाच्या झाडांवरून पार झाली आणि ठिपक्यांएवढी झाली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा श्वास सोडला.

“चार चिंचोके. सोळा गाही. वर तीन,” त्या म्हणाल्या. “चारशे त्र्याऐंशी.”

नंदिनीनं मान खाली घातली. अण्णाजींनी रजिस्टर उघडलं, मिटलं. “दोनाचाच फरक,” ते समजुतीनं म्हणाले. “उडत्या पाखरांत दोन म्हणजे काहीच नाही, बाई.”

“दोन कसे काहीच नाई?” मनकर्णाबाई ताडकन उभ्या राहिल्या. “म्या चारशे त्र्याऐंशी मोजले म्हंजे चारशे त्र्याऐंशीच उडाले. तुमचे दोन उडालेच नाईत. पाहा पाणी!”

नंदिनीनं दुर्बीण लावली. टेकाड रिकामं. काठ रिकामा. पलीकडे बेशरमच्या झुडपांपाशी तिचे हात थांबले.

“काकू! काकू, आहेत! दोन आहेत! झुडपामागं! पाणी पिऊन राह्यले!”

अण्णाजींनी तिच्या हातातून दुर्बीण ओढलीच. त्यांनाही दिसले. डोक्यावर दोन-दोन काळे पट्टे, माना उंच, आता घाबरून चहूकडे पाहणारे. आपण मागे राहिलो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. एकानं हाक दिली, दोघंही पाण्यावरून धावले आणि ओरडत, पंख मारत, उत्तरेकडे निघालेल्या माळेच्या मागे लागले.

“चार, पाच. झाली गाही पुरी,” मनकर्णाबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना रडूही आलं आणि हसूही आलं. भैयाजीनं कॅमेरा गळ्यात टाकून त्यांच्यासमोर हात जोडले. नंदिनी नाचत होती.

अण्णाजींनी स्कूटीच्या सीटवर रजिस्टर ठेवलं आणि शेवटच्या रकान्यातलं भैयाजीचं नाव एका रेघेनं खोडलं. “पूर्ण नाव सांगा.”

“मनकर्णाबाई महादेवराव धोंगडे. महादेवराव लिहाच. भाव त्यायचाच राहे.”

ते लिहीपर्यंत त्या पाळीच्या टोकाला गेल्या. हंस आता दिसत नव्हते, आवाज तेवढा पुसट येत होता. मनकर्णाबाईंनी सकाळपासून दाबून ठेवलेला लांब श्वास घेतला. उजव्या हातात तीन आणि डाव्यात दोन असल्यासारखे दोन्ही हात उत्तरेकडे पुढे केले आणि शेतापार ऐकू जाईल अशा बाजाराच्या आवाजात ओरडल्या,

“अवं, येतानी शेकड्यामागं एक गाही वरची घेऊन येजो! पिल्लायची! मी मोजाले हाय इथीच!”

मागे अण्णाजींनी रजिस्टर मिटायला घेतलं होतं. त्यांनी ते पुन्हा उघडलं आणि हेही लिहून घेतलं.